बुद्धिबळातील बलिदान आणि दानाचा प्रश्न

बुद्धिबळात स्वतःचा मोहरा जाणूनबुजून प्रतिस्पर्ध्याला मारू देणे म्हणजे बलिदान. आणि बलिदानापासून सुरू होणाऱ्या, प्रतिस्पर्ध्याला निवडीस फारसा वाव न देणाऱ्या खेळ्यांच्या साखळीला संयोजन म्हणतात. जे देणे मात करण्याच्या हेतूनेच केले जाते, त्यात त्यागाचा अंश असतो का, हा प्रश्न इथे उभा राहतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात, उपकाराची फेड व्हावी म्हणून किंवा फळावर नजर ठेवून दिलेले दान राजस ठरवले आहे. या कसोटीवर पटावरचे प्रत्येक बलिदान राजसच ठरेल. परंतु एवढ्यावर थांबणे घाईचे होईल.

21 जून 1851 रोजी लंडनमध्ये ब्रेस्लाऊचे गणितशिक्षक अडॉल्फ अँडरसन आणि पॅरिसमध्ये राहणारे लायोनेल कीझेरित्स्की यांच्यात झालेला, पुढे ‘अमर डाव’ म्हणून ओळखला गेलेला अनौपचारिक डाव याबाबतीत उद्बोधक आहे. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या अँडरसनने एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही दिला, तर काळ्याची केवळ तीन प्यादी गेली. तरीही तेविसाव्या खेळीला दोन घोडे आणि एक उंट यांनी काळ्या राजावर मात केली. हत्ती टिपण्याच्या नादात काळ्याचा वजीर आणि उंट राजापासून दूर गेले होते, आणि एकोणिसाव्या खेळीत पुढे सरकवलेल्या एका साध्या प्याद्याने वजिराची बचावासाठी परतण्याची कर्णरेषाच बंद केली. वजिराचे बलिदानही शोभेसाठी नव्हते: मात ज्या घरात द्यायची, त्याची राखण करणारा काळा घोडा त्यामुळे तिथून हटवला गेला.

व्हिएन्नाचे खेळाडू रुडोल्फ श्पीलमान यांनी 1935 च्या आपल्या ग्रंथात बलिदानाचे दोन प्रकार मानले. ज्याचा लाभ आधीच मोजता येतो ते केवळ दिसण्यापुरते, आणि ज्याचा शेवट देणाऱ्यालाही पूर्ण दिसत नाही ते खरे. अँडरसनच्या वजिराचे बलिदान पहिल्या प्रकारात बसते, कारण त्यानंतरची मात अटळ होती. अठराव्या खेळीत उंट पुढे नेऊन दोन्ही हत्ती उघडे टाकणे मात्र वेगळे होते. तिथे अधिक भक्कम खेळ्या उपलब्ध होत्या, आणि नंतरच्या विश्लेषकांनी दाखवल्याप्रमाणे काळ्यालाही अधिक चिवट बचाव शक्य होता. ही खेळी सदोष असली तरी तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची वाटते. तिच्यात फळाची इच्छा सुटलेली नाही, पण फळाची हमी सुटली आहे. आणि हमी सोडणे हा निष्काम त्याग नसला, तरी देण्याघेण्याच्या हिशेबापलीकडचे एक पाऊल निश्चित आहे.

या प्रकरणातले सर्वांत निरपेक्ष देणे बहुधा पटाबाहेर घडले. कीझेरित्स्की ‘ला रेजान्स’ या बुद्धिबळ मासिकाचे संपादक होते, आणि स्वतःच्या पराभवाचा हा डाव त्यांनी त्याच वर्षी त्या मासिकात छापला. अनौपचारिक डावाची नोंद ठेवण्याचे कोणतेही बंधन त्यांच्यावर नव्हते.