अठरा धान्यांची रात्र

सावकाश बसा. श्वास येतो तसा येऊ द्या, मोजू नका.

आता डोळ्यांपुढे एक वावर आणा. बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ, पूर्णेच्या काठचं गाव. अक्षय तृतीयेची संध्याकाळ आहे. दिवसभर तापलेली माती अजून तळव्यांना चटके देते. पेरणी लांब, आभाळ कोरडं. त्या कोरड्या आभाळाकडे जरा पाहत राहा.

वावरात गोल घट आखला आहे. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी; पानसुपारीही. भोवती अठरा धान्यं. एकेक नाव थांबत थांबत घ्या : गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ. तूर, मूग, उडीद, मठ, हरभरा. मसूर, वाटाणा, लाख. तीळ, जवस, करडी. अंबाडी, सरकी, भादली. लाखेपाशी किंचित रेंगाळा. 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली, घटात मात्र तिची जागा आहे.

रात्री इथं कुणी थांबत नाही. तुम्ही मनानं थांबा. वारा येईल, मुंग्या येतील, दाणे हलतील. पहाटे वाघ घराण्यातले महाराज येऊन हे सगळं वाचतील : ढेकूळ किती भिजलं, त्यावरून त्या महिन्याचा पाऊस, दाणे कुठे सरकले, त्यावरून पीक, पुरीवरून पृथ्वी, पानसुपारीवरून राजा. साडेतीनशे वर्षांमागे चंद्रभान महाराज वाघ यांनी ही मांडणी सुरू केली, असं गाव सांगतं.

ढगांना या दाण्यांचा पत्ता नसतो, असं माझं मत. अंधश्रद्धा निर्मूलनवालेही वर्षानुवर्षं तेच सांगत आले आहेत. पण मत नोंदवून उठू नका; बसून राहा.

इथून मन दूर न्या, दोन हजार वर्षं मागे, गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, ओकवनांत. तिथं केल्ट लोकांचे ड्रुइड : यज्ञ करणारे, तंटे सोडवणारे, आभाळ वाचणारे. रोमन सेनापती सीझर लिहितो की त्यांना युद्ध माफ, कर माफ; काही शिष्य वीस वर्षं पाठांतर करत आणि ही विद्या लिहून ठेवणं ते निषिद्ध मानत. या मौनाची किंमत काय पडली, त्यावर थांबा. इसवी सन 60च्या सुमारास रोमन फौजेनं वेल्सजवळच्या मोना बेटावरच्या त्यांच्या राया तोडल्या. ज्यांनी त्या तोडल्या, मुख्यतः त्यांच्याच लेखण्यांतून ड्रुइड आपल्यापर्यंत पोचले.

मग 1792मध्ये योलो मॉर्गानुग नावाच्या वेल्श कवीनं लंडनच्या प्रिमरोज हिलवर दगडांचं वर्तुळ मांडून ड्रुइडांचा म्हणून एक विधी केला. बराचसा त्याच्या कल्पनेतला. तरी वेल्समध्ये तो समारंभ आजही होतो, आणि उन्हाळी अयनदिनी नवे ड्रुइड स्टोनहेंजला जमतात. ते दगड ड्रुइडांच्या पहिल्या उल्लेखाहून दोनेक हजार वर्षांनी जुने आहेत. या नव्या ड्रुइडांना हसू नका. तुटलेलं पुन्हा मांडावंसं का वाटतं, एवढंच पाहा.

आता भेंडवळला परत या. उजाडलं आहे. विदर्भातून, खानदेशातून माणसं आली आहेत. हवामान खात्याचा अंदाज त्यांनी एप्रिलमध्येच ऐकला, पण तो मुख्यतः साऱ्या देशाच्या सरासरीचा. इथं मात्र महिन्यागणिक बोललं जातं, धान्याचं नाव घेऊन बोललं जातं. एखाद्याचे कान सरकीपाशी उभे आहेत, दुसऱ्याचे तुरीपाशी. कुणाला जूनचीच धास्ती, कारण दुबार पेरणीला पैसा नाही.

तुमचे कान कशापाशी उभे राहिले? उत्तराची घाई नको. जे ऐकायला आलात आणि जे ऐकायची भीती आहे, ती दोन्ही शेजारी शेजारी ठेवा.

आणि सांगणाऱ्याकडेही पाहा. ड्रुइडांची किती भाकितं चुकली, कुणी लिहून ठेवलं नाही. या माणसाला मात्र पुढच्या अक्षय तृतीयेला याच लोकांसमोर, याच वावरात उभं राहायचं आहे, आणि तोवर कुणाची तूर किती झाली ते गावाला पोत्यागणिक ठाऊक असेल.