दुरुस्ती आणि खाडाखोड

सरकारी कचेरीत नव्याने रुजू झालेल्या कारकुनास पहिल्या आठवड्यात जे धडे मिळतात, त्यांतील एक असा की, कागदावर चूक झाली तर ती नाहीशी करू नये. रबराने घासू नये, पात्याने खरवडू नये, वरून पांढरा रंग फासू नये, एका अक्षरावर दुसरे अक्षर गिरवू नये. चुकलेल्या शब्दावरून एकच रेघ अशी ओढावी की, खालचा शब्द वाचता यावा; शेजारी योग्य शब्द लिहावा आणि तेथे तारीख घालून आद्याक्षरांची सही करावी. दुरुस्ती आणि खाडाखोड यांत कचेरी जो भेद करते तो एवढाच. दुरुस्ती करणारा आपण दुरुस्ती केली हे सांगतो. खाडाखोड करणारा ते लपवितो.

गेली अकरा वर्षे आम्ही हा दंडक दिवसा पाळीत आलो आहोत, आणि संध्याकाळी घरी परतल्यावर त्याच हातांनी त्याच्या नेमका उलट उद्योग करीत आलो आहोत. तो उद्योग म्हणजे छायाचित्रे दुरुस्त करण्याचा. दिल्लीतील आमच्या वस्तीतल्या मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका निघते. तिच्यासाठी फोटोशॉप ही आज्ञावली आम्ही प्रथम शिकलो आणि मग त्या विद्येची गोडी लागली. येथे नैपुण्याची कसोटी कचेरीच्या अगदी विरुद्ध आहे. पाहणाऱ्यास दुरुस्तीचा संशयही येऊ नये, यातच कारागिराची फुशारकी.

या विद्येतील काही युक्त्या सांगितल्या म्हणजे तिची मोहिनी वाचकांच्या ध्यानात येईल. कळफलकावरील ‘जे’ हे अक्षर दाबले की व्रण बुजविणारा कुंचला हाती येतो. आल्ट दाबून चेहऱ्याच्या स्वच्छ भागावर एकदा टिचकी द्यावी आणि मग कुंचला डागावरून फिरवावा. तो स्वच्छ त्वचेचा पोत उचलतो आणि डागाच्या जागी जो रंग व उजेड असेल त्यात तो मिसळून टाकतो. ‘एस’ दाबले तर ठसा मिळतो. तो जसेच्या तसे उचलतो आणि जसेच्या तसे उमटवितो, म्हणून विटांची भिंत किंवा लुगड्याचा काठ जुळविण्यास तो अधिक बरा. चौकटी कंसाच्या दोन कळांनी कुंचला लहानमोठा होतो. हातून काही बिघडलेच तर कंट्रोल आणि झेड दाबून एकेक पाऊल मागे येता येते. आयुष्यात ही सोय नाही, असे मनाशी म्हणत आम्ही ती कळ कितीदा दाबली असेल, त्याची गणती नाही.

छायाचित्रात फेरफार करणे ही संगणकाची करामत आहे असे मात्र कोणी समजू नये. काचेच्या निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीने सुरकुत्या बुजविणारे कारागीर एकोणिसाव्या शतकातच होते. सत्तेलाही ही कला लवकरच अवगत झाली. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी 1937 मध्ये स्टालिनच्या शेजारून चालणारा निकोलाय येझोव्ह 1940 साली गोळी घालून मारला गेला, आणि त्यानंतर त्याच छायाचित्रात तो जेथे उभा होता तेथे कालव्याचे पाणी वाहू लागले. पुढे ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने आपल्या फेब्रुवारी 1982 च्या अंकासाठी गिझाचे दोन पिरॅमिड, मुखपृष्ठाच्या उभट आकारात बसावेत म्हणून, यंत्राने एकमेकांजवळ सरकविले. चार-साडेचार हजार वर्षे जागचे न हललेले दगड संपादकीय सोयीसाठी हलले. फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली ती त्यानंतर आठ वर्षांनी, 1990 साली.

मग नवे ते काय? आमच्या मते नवी गोष्ट एकच: श्रम नाहीसे झाले. पेन्सिलीने निगेटिव्ह कोरणारा माणूस त्या एका चेहऱ्यापाशी बराच वेळ बसे. 2002 साली व्रण बुजविणारा कुंचला आला तेव्हा त्याच कामाला मिनिटे पुरू लागली. 2010 साली अशी सोय झाली की, नको असलेल्या वस्तूभोवती रेघ ओढली म्हणजे रिकामी झालेली जागा आज्ञावली आजूबाजूचे पाहून स्वतःच भरून काढते. आणि 2023 पासून तर शब्दांत मागावे आणि चित्रात मिळावे, अशी स्थिती आहे. इच्छा आणि कृती यांच्यामध्ये पूर्वी जो वेळ जात असे, त्यात सदसद्विवेकाला डोके वर काढण्यास अवसर मिळे. कचेरीतील कागद चार मेजांवरून फिरतो म्हणून लोक चेष्टा करतात. परंतु त्या फिरण्यात एखाद्या मेजावर कोणीतरी ‘हे असे का?’ असे विचारण्याचा संभव असतो. जवळचा मार्ग आपला वेळ वाचवितो खरा, पण त्याबरोबर हा प्रश्नही वाटेतून काढून टाकतो.

हे सारे विचार आम्हांस सुचले ते एका घरगुती प्रसंगामुळे. 2018 साली ग्वाल्हेरच्या आमच्या घरी वडिलांची भीमरथी शांत झाली. त्या दिवशी ओसरीवर काढलेले एक छायाचित्र आहे. खुर्चीवर अण्णा बसले आहेत, खांद्यावर उपरणे, आणि कधी नव्हे ते मनमोकळे हसत आहेत. शेजारी आई. खुर्चीच्या हातावर आमची अडीच वर्षांची भाची बसली आहे, आणि चित्राच्या अगदी उजव्या कडेला उभे राहून तिच्या वडिलांनी तिला कमरेपाशी धरले आहे. अण्णा 2021 मध्ये गेले. पुढल्या वर्षी धाकट्या बहिणीचा घटस्फोट झाला. त्या संसारात तिने काय सोसले ते येथे लिहिण्याचे कारण नाही. आम्हांस ते उशिरा कळले, हा आमचा दोष आहे.

गेल्या वर्षी आईने ते छायाचित्र मोठे करून भिंतीवर लावण्याची इच्छा बोलून दाखविली. अण्णांचे तसे हसरे दुसरे छायाचित्र नाही. बहिणीने आम्हांस एवढेच सांगितले, “दादा, त्याला त्यातून काढून टाक. तुला येतं ते.”

आम्हांस ते येत होते. मागे चुन्याची साधी भिंत. माणूस नाहीसा करण्यास पाच मिनिटेही लागली नाहीत. राहिला तो त्याचा हात. भाचीच्या फ्रॉकवर चार बोटे स्पष्ट दिसत होती. तीही काढली, फ्रॉकवरची फुले ठशाने जुळविली. आणि मग चित्राकडे पाहताच आम्ही चमकलो. मूल मागे रेलले होते. कोणी तरी घट्ट धरले आहे या भरवशावरच जसे मूल रेलते, तसे ते रेलले होते, आणि आता त्याच्या मागे काहीच नव्हते. पाहणाऱ्यास वाटावे, पुढल्या क्षणी ते खाली पडणार. हे झाकावयाचे तर तेथे एखादा लोड आणून ठेवावा लागेल, नाही तर मुलीलाच सरळ करावे लागेल. म्हणजे एक खरे पुसले की, त्याची जागा भरण्यास एक खोटे निर्माण करावे लागते, आणि ते सावरण्यासाठी आणखी एक. पाण्यावाचून येझोव्ह पुसता आला नाही, लोडावाचून आमचे मेहुणे पुसता येत नव्हते.

आम्ही बहिणीस आमची अडचण सांगितली. कचेरीच्या रेघेची आणि सहीची गोष्टही सांगितली. ती शांतपणे म्हणाली, “भिंत म्हणजे तुझी फाईल नाही, दादा. रोज सकाळी तिच्यासमोर मला चहा प्यायचा आहे.”

या उत्तरात जे बळ आहे ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. फाईल ही सर्वांच्या वतीने ठेवलेली साक्ष असते, भिंत ही राहणाऱ्यांची असते. ज्याने दुःख दिले त्याचे तोंड रोज पाहावे, एवढे सत्याचे ऋण कोणावर आहे? आपली स्मृतीही दिवसेंदिवस काही पुसते, काही उजळते. ती तसे न करती तर माणसास जगणे कठीण झाले असते. स्टालिनने पुसले ते दुसऱ्यांच्या स्मृतीतून पुसावे म्हणून, आणि भीतीच्या बळावर. आमच्या बहिणीला पुसावयाचे होते ते स्वतःच्या डोळ्यांसमोरून. दोन्ही कृत्यांत कुंचला एकच असला तरी ती एक नव्हेत.

तथापि त्या छायाचित्रात बहिणीखेरीज आणखी एक पक्ष होता, आणि त्याला विचारण्याचे कोणाच्याच मनात आले नव्हते. ती मुलगी. आपल्याला कधी काळी वडिलांनी असे धरले होते, ही गोष्ट तिच्या मालकीची आहे. त्या माणसाचे पुढचे वागणे कसेही असो, त्या दुपारी तो हात तेथे होता, आणि त्याच्यामुळे ती पडली नाही. ती मोठी झाल्यावर या गोष्टीचे काय करावे ते ती ठरवील. कदाचित तिलाही तो हात नकोसा होईल. परंतु तिच्या वतीने आज आम्हीच तो कायमचा पुसून टाकावा, हा अधिकार आम्हांस कोणी दिला? दुसऱ्याच्या आठवणीत दुरुस्ती करताना मूळ अक्षर वाचता येईल असे ठेवावे, एवढे तरी ज्याची आठवण त्याला देणे लागते.

आणि येथेच आमच्या लक्षात आले की, जी विद्या आम्ही कचेरीच्या विरुद्ध समजत होतो, तिच्यातही कचेरीची रेघ आहे. फोटोशॉपमध्ये 1994 पासून थर आहेत. जाणता कारागीर मूळ चित्राला हातच लावीत नाही. तो त्यावर एक कोरा पारदर्शक थर पसरतो, कुंचल्याला नमुना सर्व थरांतून घ्यावयास सांगतो आणि रंग मात्र वरच्या थरावरच ठेवतो. काही झाकावयाचे असेल तर खोडरबर न वापरता मुखवटा वापरतो. मुखवट्यावर काळा रंग लावला की भाग झाकतो, पांढरा लावला की पुन्हा दिसतो. ‘एक्स’ दाबले की काळ्याचे पांढरे होते. आल्ट दाबून सर्वांत खालच्या थराच्या डोळ्यावर टिचकी दिली तर वरचे सारे संस्कार क्षणात मिटतात आणि मूळ चित्र जसेच्या तसे समोर येते. या विद्येतील सर्वांत उपयोगी युक्ती कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही हीच सांगू. परंतु तेच चित्र जेपेग म्हणून पाठविले की थर एकमेकांत विरतात. तेथे दुरुस्तीची खाडाखोड होते, आणि आपण जगाकडे पाठवितो ते बहुधा याच रूपात.

ही उणीव जाणत्यांच्या ध्यानात आली आहे. छायाचित्र कोठून आले आणि त्यात कोणते फेरफार झाले, याची नोंद चित्राबरोबरच राहावी असा प्रयत्न फोटोशॉपच्याच कंपनीने, अ‍ॅडोबीने, 2019 मध्ये इतरांच्या सहकार्याने सुरू केला, आणि 2021 मध्ये त्यासाठी सामाईक मानक ठरविणारी संस्था स्थापन झाली. तारीख घालून सही करण्याचाच हा नवा अवतार होय. पण चित्र एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना ही नोंद वाटेत अनेकदा गळून पडते. यंत्र सहीसाठी जागा करून देईल, परंतु सही करण्याची लाज किंवा हौस ही शेवटी माणसाचीच.

प्रत्येक पुटकुळीसाठी सही हवी, असा आमचा आग्रह नाही. कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ हा छायाचित्रातील माणसाचा भाग नव्हे. लग्नाच्या दिवशी उठलेला फोडही पुढल्या आठवड्यात गेलाच असता. कुंचला उचलण्यापूर्वी आम्ही आता एवढेच स्वतःस विचारतो की, जे पुसावयाचे ते कोणाचे आहे, आणि पुसल्यावर रिकाम्या जागी आपणांस काय रचावे लागणार आहे. या प्रश्नास लागणारा वेळ वाचविणारी कळ अद्याप निघालेली नाही, आणि निघू नये असे वाटते.

शेवटी आम्ही दोन प्रती केल्या. आईच्या भिंतीवर जी आहे तिची उजवी कड कापलेली आहे. मेहुण्यांचा चेहरा तीत नाही. भाचीच्या कमरेवरचा हात आणि शर्टाची थोडी बाही राहिली आहे. कापताना आम्ही काही वगळले, पण काही रचले नाही. आईला ते चालले. बहिणीला चालले नाही. तिच्या घरी दुसरी प्रत आहे. तीत हात नाही, आणि मुलीच्या मागे आम्ही घातलेला एक लोड आहे. तो करताना आम्ही संतुष्ट नव्हतो, हे कबूल केले पाहिजे. पण रोजचा चहा तिचा होता, आमचा नव्हे. सर्व थरांसह मूळ चित्र तीन ठिकाणी जपून ठेविले आहे, आणि ते भाचीच्या नावाने आहे.

बहिणीची प्रत चौकटीत बसविण्यापूर्वी आम्ही तिच्या पाठीवर लिहिले, ‘दुरुस्त प्रत. उजवीकडील एक व्यक्ती वगळली. लोड मागाहून घातला. मूळ चित्र आमच्याकडे.’ खाली तारीख घातली आणि सवयीप्रमाणे आद्याक्षरे केली.

बहिणीने ते वाचले आणि बऱ्याच दिवसांनी ती हसली. “भिंतीकडे तोंड असलेली बाजू कोण वाचणार आहे, दादा?”

बहुधा कोणी वाचणार नाही. आमच्या कचेरीच्या अभिलेखागारातील बहुतेक सह्याही कोणी वाचीत नाही.