तलवार पाठीवर, हातात पाला

आंबोलीचा पाऊस वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात जातो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो. धबधबा बघायला आलेले संध्याकाळी घाट उतरून जातात. इथे राहणाऱ्यांना हे चार महिने घरात बसून काढावे लागतात. लांबलचक गेम मी याच दिवसांत संपवतो. असाच एकदा ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ हा २०१४ सालचा गेम चालू होता. आकाशाला भोक पडलंय, जग बुडायला आलंय आणि जगाला तारायला नेमलेला माझा वीर डोंगरउतारावर एल्फरूट नावाची मुळी गोळा करत हिंडतोय. शेजारचे काका मागे उभं राहून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “अरे, ह्यो कसलो गेम? तलवार पाठीर आणि दिसभर पालो खुडतस!”

या प्रकाराला खेळणारे ‘फेच क्वेस्ट’ म्हणतात. कुणीतरी सांगायचं, आपण जाऊन आणायचं, मोबदला घ्यायचा आणि पुढच्या दारात उभं राहायचं. थोडक्यात, वीराचा सांगकाम्या. याच गेमच्या पहिल्या प्रदेशात लोक असली कामं उरकत इतके अडकून पडले, की करणाऱ्यांनाच सांगावं लागलं: बाबांनो, तिथून बाहेर पडा, गोष्ट पुढे आहे.

एवढ्यावरून हा सगळा गेमवाल्यांचा आळस, असं म्हणता येत नाही. सुरुवातीला ‘जा आणि आण’ हाच अख्खा खेळ होता. गुहा धुंडाळायचा छंद असलेल्या विल क्राउदरने १९७०च्या दशकात ‘अ‍ॅडव्हेंचर’ लिहिला आणि १९७७ साली डॉन वुड्सने तो वाढवला. त्यात गुहेतला खजिना वरच्या छोट्या घरात आणून ठेवायचा, की गुण मिळायचे. आणायची वस्तू हे निमित्त होतं. खरी गंमत वाट सापडण्यात होती. १९९३च्या ‘लिंक्स अवेकनिंग’मध्ये या आणण्याची साखळी झाली. बाहुली देऊन रिबन, रिबन देऊन कुत्र्याच्या खाण्याचा डबा, तो देऊन केळी. केळी माकडाला दिली, की माकडं जमून पूल बांधून देतात. शेपटीच्या बदल्यात वस्तरा मिळवणाऱ्या माकडाची गोष्ट ऐकत वाढलेल्याला यात नवल वाटणार नाही. प्रत्येक देवाणघेवाणीने काहीतरी बदलत होतं.

नंतर इंटरनेटवर हजारोंनी एकत्र खेळायचे गेम आले. १९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये माणसं तासन्‌तास एकाच जागी बसून तेच तेच राक्षस मारत. २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने त्यावर उतारा काढला: प्रत्येक वळणावर डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह असलेला माणूस उभा करायचा आणि त्याने काम सांगायचं. आज ज्याला नावं ठेवतो, ते तेव्हा कंटाळ्यावरचं औषध होतं. आधीच्या बेतात ही कामं पहिल्या काही टप्प्यांपुरतीच होती. ती संपली की चाचणीत खेळणारे वैतागायला लागले, म्हणून ती शेवटपर्यंत पुरवली.

औषधाची सवय लागायला वेळ लागला नाही. त्या गेमचे एक प्रमुख रचनाकार जेफ कॅप्लन यांनी २००९च्या एका परिषदेत स्वतःच्याच कामाची चिरफाड केली. त्यांनी रचलेल्या एका कामगिरीत जंगलभर विखुरलेली पुस्तकाची पानं जमवायची होती. खेळाडूंच्या पिशव्या त्या पानांनीच भरून जात. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: काम सांगणाऱ्याचं बोलणं ५११ अक्षरांत बसवावं लागे. मला पानांपेक्षा हे ५११ जास्त बोलकं वाटतं. सांगणाऱ्याला इतकंच बोलायचं आणि ते प्रत्येकाला तसंच ऐकवायचं. तुम्ही त्याची मेंढरं वाचवा की त्याचा मुलगा शोधून आणा, दुसऱ्या दिवशी तो तिथेच, तेच वाक्य घेऊन उभा.

माझी तक्रार इथे आहे. तेच तेच होतं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडच्या दशावतारात दर रात्री तोच गणपती येतो, तोच संकासुर येतो आणि आख्यान लोकांना आधीपासून ठाऊक असतं. पण पारंपरिक दशावतारात संहिता लिहिलेली नसते. नट संवाद रंगमंचावर रचतो, समोरच्या गावाचा रंग बघून बोलतो. गोष्ट तीच, ऐकणारा आज आलाय, हे तिला कळतं. सांगकाम कंटाळवाणं होतं ते जगाला त्याचा पत्ताच नसतो तेव्हा.

उलट, महाभारताच्या आदिपर्वातल्या उत्तंकाला गुरुपत्नीने पाठवलं ते पौष्य राजाच्या राणीची कुंडलं आणायला. शुद्ध सांगकाम. वाटेत तक्षकाने ती पळवली, उत्तंक पार नागलोकात गेला, कुंडलं वेळेत पोचवली, आणि तिथून निघाला तो थेट जनमेजयाला सर्पसत्रासाठी उठवायला. दोन कुंडलांपायी वैर कुठवर गेलं बघा! २०१५च्या ‘द विचर ३’मध्ये एक म्हातारी गेराल्टला तिचा तवा आणून द्यायला सांगते. एवढा नावाजलेला राक्षसमाऱ्या, त्याला तवा! आत जावं तर घरात मढं, जळके कागद आणि तवा घासून लख्ख. त्याच्या काजळीची कुणीतरी शाई केलेली. पाच मिनिटांचं काम, पण त्या घरावरून युद्ध कसं गेलं ते कळतं.

हिदेओ कोजिमाच्या ‘डेथ स्ट्रँडिंग’ने २०१९मध्ये तर सगळा गेमच हमालीचा केला. पाठीवर खोक्यांची उतरंड, नदीत पाय घसरला की तोल सावरायला दोन बटणं दाबून धरायची. त्यातला पाऊस ज्याला लागेल त्याला म्हातारं करतो, मालाची खोकीही कुजवतो. आंबोलीकराला हे वेगळं समजवावं लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात चपलेपासून पुस्तकापर्यंत सगळ्याला बुरशी धरते. वेंगुर्ल्याच्या बंदरातला माल हाच घाट चढून बेळगावला जायचा. तो नेणाऱ्यांना चढ, चिखल आणि ओझं हेच काम होतं. कोजिमाने वाट अवघड केली आणि पोचवण्याला वजन आलं.

मोबाइलवर मात्र गाडी उलट दिशेने गेली. ‘बीजीएमआय’सारख्या गेममध्ये रोजची मिशन्स असतात: इतके सामने खेळा, इतका वेळ टिका, बक्षीस घ्या. इथे म्हातारी नाही, तवा नाही. काम सांगते ती कंपनी, आणि तिला एवढंच हवंय की तुम्ही उद्या परत यावं.

याच्या अगदी उलट, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ काढला. पळवलेल्या भावाला शोधून आणायचं, एवढंच एक ‘जा आणि आण’, बाकी भरताड नाही. छोट्या चमूला ते परवडलंही नसतं. काही तासांत गेम संपतो आणि फार लवकर, अर्ध्यावरच संपला अशी तक्रारही झाली. शेवट मलाही तुटल्यासारखा वाटला. पण लोक बोलले ते तासांबद्दलही. तीन-चार हजारांचा गेम घेताना आपण सगळेच किती तास चालेल ते आधी विचारतो, मीसुद्धा. चार महिन्यांचा पाऊस समोर असला की जरा जास्तच. मग तास भरून द्यायला गेमवाले पाला खुडायला लावतात आणि आपण काकांसमोर लाजत का होईना, खुडतो.