अष्टावधान

आपल्या सरकारी कचेऱ्यांत एखाद्या माणसाची स्तुती करावयाची झाली म्हणजे 'अष्टावधानी' हा शब्द हटकून तोंडी येतो. टेलिफोनचा रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबून धरलेला, बोटे कीबोर्डावर, समोर उभ्या असलेल्या शिपायाला मानेने सूचना आणि डोळे पडद्यावरील टिप्पणीवर, असा जो गृहस्थ तो कामाचा. एका वेळी एकच काम हाती घेणारा तो मंद, अशी आपली सरधोपट विभागणी असते. केंद्र सरकारच्या सेवेत लिपिक म्हणून मी दिल्लीत बारा वर्षे काढली, पण ही विभागणी कधी तपासून पाहावी असे मला वाटले नव्हते. ती तपासावी लागली ती एका जिन्यामुळे.

आमच्या शाखेत माझ्याहून दोन-तीन वर्षांनी वडील अशा एक महाराष्ट्रीय भगिनी आहेत. परप्रांतात आपल्या भाषेचे माणूस भेटले की ओळखीचे नाते व्हावयास वेळ लागत नाही. मी त्यांना पहिल्या आठवड्यापासूनच ताई म्हणू लागलो. संध्याकाळी मेट्रोच्या स्थानकापर्यंत आम्ही बरोबर जात असू. काही दिवसांनी माझ्या असे ध्यानात आले, की चालता चालता मी काही विचारले की ताई जागच्या जागी थांबत, उत्तर देत आणि मग पुन्हा चालू लागत. मला यात थोडा आविर्भाव वाटे. खरे सांगावयाचे तर गाडी चुकेल याचा रागही येई. एके दिवशी कचेरीचा जिना उतरताना मी मागून एका फाईलचा क्रमांक विचारला. ताईंनी तो बिनचूक सांगितला आणि त्यांची पायरी चुकली. कठडा हाताशी होता म्हणून निभावले. कठडा धरूनच त्या म्हणाल्या, "अहो, एक तर मला पाय टाकू द्या, नाहीतर नंबर विचारा. दोन्ही एकदम जमत नाही आता." मी हसलो. पुढे महिन्याभराने त्यांनी आपल्या दुखण्याचे नाव मला सांगितले, तेव्हा ते हसणे आठवून माझा मलाच संकोच वाटला.

दुखण्याचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयातील ज्यां-मार्तां शार्को या वैद्याने १८६८ साली या विकाराचे पहिले सुस्पष्ट वर्णन केले. आपल्या मेंदूत व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जे तंतू असतात, त्यांतील बऱ्याच तंतूंभोवती मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे वेष्टण असते. विजेच्या तारेवर रबराचे आवरण असावे तसे ते आहे, असे सांगण्याची पद्धत आहे. परंतु उपमा अपुरी आहे. हे वेष्टण मध्ये मध्ये खंडित असते आणि संदेश एका खंडापासून दुसऱ्या खंडाकडे उड्या घेत जातो. वेष्टण असलेल्या जाड तंतूतून तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावू शकतो. वेष्टण मुळातच नसलेल्या बारीक तंतूत त्याची गती सेकंदाला एखाद्या मीटरच्या आसपास असते. या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच मायलिनवर उलटते. जागोजागी वेष्टण झिजते, संदेश रेंगाळतो, कधी वाटेतच विरतो. रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान प्रकट होतो, म्हणजे नेमका नोकरी-संसाराच्या ऐन उमेदीत, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक गाठतो. आपल्या देशात तो पाश्चात्य शीत देशांच्या मानाने विरळा; पण चुंबकीय चित्रण करणारी यंत्रे गावोगावी आल्यापासून त्याची ओळख अधिक वेळा पटू लागली आहे.

शार्कोने या रोग्यांची दुर्बल होणारी स्मृती आणि मंदावणारी विचारगती यांचीही नोंद करून ठेवली होती. तरीही पुढे बराच काळ हा रोग म्हणजे हातापायांचा व डोळ्यांचा रोग, अशीच समजूत चालत आली. आज रोगाची पायरी ठरविण्यासाठी जे परिमाण सर्वत्र वापरतात, ते कर्ट्झके यांनी १९८३ साली मांडलेले, शून्यापासून दहापर्यंतचे. त्यात चारच्या पुढे बहुतेक भर रोगी किती अंतर चालू शकतो यावर आहे. जे दिसते ते मोजावे, ही रीत आपल्या कचेरीपुरतीच नाही असे यावरून दिसते. वस्तुतः सुमारे निम्म्या रोग्यांत बुद्धीच्या व्यापारांवरही काही ना काही परिणाम होतो, आणि त्यात सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे विचारांची गती मंद होणे हा.

ती गती मोजण्याची एक परीक्षा आहे. ग्रॉनवॉल या विदुषीने ती १९७७ साली मूळ डोक्याला इजा झालेल्यांसाठी योजली होती. दर तीन सेकंदांनी एक आकडा ऐकू येतो आणि आलेला प्रत्येक आकडा त्याच्या लगतच्या मागील आकड्यात मिळवून बेरीज सांगावयाची. चार, मग सात: अकरा. मग पाच. येथे सोळा म्हणावयाचे नाही. सात आणि पाच बारा. म्हणजे आपणच सांगितलेली बेरीज विसरावयाची आणि ऐकलेला आकडा मात्र धरून ठेवावयाचा. ताईंकडून ऐकल्यावर मी घरी पत्नीला आकडे वाचावयास सांगून ही परीक्षा स्वतःवर करून पाहिली. आयुष्यभर आकड्यांच्या रकाने जुळविणारा मी, तिसऱ्या मिनिटास घामाघूम झालो. त्यावेळी मी खुर्चीवर बसलेलो होतो. जिना उतरत नव्हतो.

आता चालणे ही गोष्टच घ्या. आपण चालतो तेव्हा चालत आहोत हे आपल्या गावीही नसते. विल्यम जेम्स याने १८९० साली सवयीविषयी जे प्रकरण लिहिले, त्यात त्याचे म्हणणे असे, की नित्याच्या बारीकसारीक क्रिया जितक्या लवकर सवयीच्या हवाली कराव्यात तितकी मनाची उच्च शक्ती आपल्या खऱ्या कामास मोकळी होते. शिकण्याच्या आरंभी प्रत्येक हालचाल मनाच्या देखरेखीखाली होते, मग चुका गळत जातात, आणि शेवटी मन बाजूस होऊन देह ते काम परस्पर करू लागतो. हे परस्पर शिकणे स्मरणाहून किती वेगळे आहे, ते हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णावरून कळले. १९५३ सालच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवे काही आठवेनासे झाले होते. तथापि आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्याचे काम ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला दिले, तेव्हा तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला. हे काम आपण पूर्वी केले आहे, याची त्याला दर वेळी दादही नव्हती.

ताईंच्या रोगात उलटा प्रवास होतो. सवयीच्या हवाली केलेले काम सवय परत करते. पाऊल कोठे पडले याची वार्ता पायाकडून वेळेवर येत नाही; मग ती डोळ्यांनी आणावी लागते, आणि डोळ्यांमागोमाग मनालाही पायाशी हजर व्हावे लागते. जॅकलिन द्यु प्रे ही जगद्विख्यात चेलोवादक. १९७३ साली न्यूयॉर्कला वाजविताना तिला बोटांखालच्या तारा जाणवेनात, तेव्हा बोट कोठे आहे ते डोळ्यांनी पाहून तिने वेळ मारून नेली. त्याच वर्षी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रोगाचे निदान झाले आणि तिचे मैफलीत वाजविणे संपले. पुढे ती शिकवीत राहिली. १९८७ साली बेचाळिसाव्या वर्षी वारली. हाताने जाणावयाचे ते डोळ्याने जाणणे म्हणजे काय, याची कल्पना मला त्या एका प्रसंगावरून जेवढी आली तेवढी वैद्यकाच्या वर्णनांतून आली नाही.

मात्र यावरून शिकण्याची शक्तीच गेली असे समजू नये. या रोग्यांनाही सरावाने नवे कौशल्य साधते, ही शक्ती बऱ्याच अंशी टिकून राहते, असे अभ्यासकांस आढळले आहे. वेग कमी पडतो, फेऱ्या अधिक लागतात. ताई गेल्या वर्षी डाव्या हाताने माऊस चालवावयास शिकल्या. मला ते अद्याप जमत नाही.

यानंतर अष्टावधान या शब्दाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. हैदराबादकडे नोकरी केलेल्या वाचकांनी तेलुगू पंडितांचे अवधान पाहिले असेल. आठ पृच्छक, कोणी समस्या घालतो, कोणी मध्येच घंटा वाजवितो तिचे टोले मोजावयाचे, कोणी अप्रस्तुत गप्पा मारून पंडिताचे चित्त उडविण्यासाठीच बसलेला. पण नीट पाहिले तर पंडित एका पृच्छकाला एक चरण देतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो. क्षणी एकच. आपल्या न्यायदर्शनकारांनी हे फार पूर्वी ओळखले होते. गौतमाच्या मते दोन ज्ञाने एकाच क्षणी उत्पन्न होत नाहीत, हीच मनाची खूण. ती एकदम झाल्यासारखी भासतात ती वेगामुळे, जसे कोलीत गरगरा फिरविले म्हणजे अग्नीचे अखंड वर्तुळ दिसते. त्यालाच अलातचक्र म्हणतात. तेव्हा माझ्यात आणि ताईंत अंतर पडले ते इतकेच, की माझे कोलीत अजून वेगाने फिरते आणि त्यांचे मंद झाल्यामुळे ठिणगी ठिणगी सुटी दिसते. वर्तुळ माझ्यापाशीही नाही. वेग हा गुण आहे हे मी नाकारीत नाही. पण तो मज्जातंतूवरील वेष्टणाच्या जाडीचा गुण आहे, आणि वार्षिक मूल्यांकन अहवालात आपण तो माणसाच्या निष्ठेखाली जमा करतो.

येथे एक मोह होतो. माझे एक पाऊल फुकटचे आणि ताईंचे प्रत्येक पाऊल संकल्पाचे. मग त्यांच्या पावलाचे नैतिक मोल अधिक नव्हे काय? कांटने कर्तव्याचे खरे मोल तेथे पाहिले जेथे मनाची ओढ त्याला साह्य करीत नाही. ॲरिस्टॉटलचा कल उलट: सद्‌गुण अंगवळणी पडून जो आनंदाने घडतो तोच पक्का. दोघांचाही विषय सदाचार होता, पायऱ्या उतरणे नव्हे, हे मला कळते. तरीही एकदा, मोठ्या भक्तिभावाने, मी ताईंना म्हणालो की तुमचे कचेरीत येणे हीच एक तपश्चर्या आहे. त्या चिडल्या. "तपश्चर्या स्वखुशीने करतात," त्या म्हणाल्या, "आणि माझा सगळा दिवस त्यातच गेला तर मसुदा कधी लिहू?" यावर मला उत्तर सुचले नाही. जेम्सचेच म्हणणे त्या दुसऱ्या बाजूने सांगत होत्या. संकल्पशक्ती माणसाला मोजून मिळते; ती पायरीवर खर्ची पडली तर विचारासाठी उरत नाही. त्या खर्चाचे गोडवे गाणे हा आम्हा धडधाकट माणसांचा सोयीचा धर्म आहे. त्यात कठडा दुरुस्त करावा लागत नाही.

आता माझा अपराध सांगतो. शाखेचे मासिक विवरणपत्र मी तयार करीत असे. कोणी किती प्रकरणे निकालात काढली याचा त्यात हिशेब. जिन्याच्या प्रसंगापूर्वी काही महिने, ताईंच्या नावासमोरचा आकडा सतत घसरत असल्याचे पाहून मी शेऱ्याच्या रकान्यात 'लक्ष विचलित' असे दोन शब्द घातले होते. वरिष्ठांनी त्यावरून त्यांना विचारणा केली. ते शब्द कोणाचे, हे ताईंना ठाऊक नव्हते. त्यांचे मेज टेलिफोनपाशी होते. मसुद्याच्या दर चार ओळींनी घंटा वाजे, आणि दर घंटेनंतर पहिली ओळ पुन्हा वाचावी लागे. त्यांचे लक्ष विचलित नव्हते. ते एका वेळी एकाच ठिकाणी संपूर्णपणे होते, आणि दर पाच मिनिटांनी ते तेथून उपटले जात होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, याच्या अनुसूचीत या रोगाचे नाव स्पष्टपणे घातलेले आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. गरज पडल्यास त्याच वेतनश्रेणीचे दुसरे पद, तेही नसल्यास अधिसंख्य पद द्यावयाचे, असे विसावे कलम सांगते. हे कलम मी ताईंसाठी शोधून काढले आणि वरिष्ठांपुढे ठेवले. मेज बदलले, टेलिफोन माझ्याकडे आला, चार महिन्यांत त्यांचा आकडा वर चढला. सर्वांनी माझे कौतुक केले. ताईंनी डब्यातून पुरणपोळी आणली.

ती पोळी घशाखाली उतरेना, तेव्हा मी त्यांना रकान्यातल्या शेऱ्याविषयी सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलेच होते. अक्षर छापील असले तरी शब्द मराठी माणसाचे होते." क्षमा केली की नाही ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. मला अजून कळत नाही, की तो शेरा लिहिताना मी खोटे बोललो होतो काय. आकडा खरा होता. माझे निरीक्षणही एका अर्थी खरे होते. ते लिहिण्यापूर्वी दहा पावले चालून त्यांच्या मेजापाशी जाऊन विचारावयाचे मात्र राहिले, कारण त्यावेळी मी चार कामे एकदम करीत होतो.

दिल्लीच्या उन्हाळ्यात ताईंचे पाय अधिकच जड होतात. अंगाची उष्णता वाढली की झिजलेल्या तंतूंतून संदेश आणखी अडखळतो; श्रमानंतर अशा रोग्यांची दृष्टी मंदावते, हे उटहॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली नोंदवून ठेवले आहे. मे महिन्यात आम्ही स्थानकापर्यंत उशिरा, ऊन उतरल्यावर निघतो, आणि वाटेत बोलत नाही. प्रथम ते मौन मला जड गेले. दोन मराठी माणसे आणि गप्प, हे परक्या शहरात विपरीतच वाटे. निम्म्या वाटेवर एक कडुनिंब आहे. तेथे ताई थांबतात, झाडाला हात टेकतात आणि म्हणतात, "हं, बोला आता. मघाशी काय सांगत होता?"

परवा मला ते काही केल्या आठवेना. त्या दोन मिनिटे थांबल्या, मग म्हणाल्या, "आठवले की सांगा," आणि पुढचे पाऊल पाहून टाकले.