सनईच्या आतील ओल

लग्नकार्य आटोपले म्हणजे जाणता सनईवाला सनई तशीच पिशवीत कोंबीत नाही. प्रथम तो पत्ती काढून निराळी वाळवितो; मग बारीक काठीस मऊ फडके गुंडाळून नळीतील ओल टिपून घेतो. सनई तो उन्हात किंवा चुलीजवळ ठेवीत नाही. कारण लाकूड आतून ओले असता बाहेरून एकाएकी सुकले तर तडकते, आणि फटीतून वारा गेला की सूर बिघडतो.

ही ओल येते कोठून? ज्या श्वासाने सूर उमटतो, त्याच श्वासातून! आम्हां उपदेशकांचेही असेच आहे. वचन सांगता सांगताच अभिमानाची ओल आत साचते; लोक वाखाणतात, आणि आम्ही बाहेरचा पितळी कर्णा तेवढा घाशीत बसतो. प्याला आधी आतून स्वच्छ करावा, असे प्रभूने परूश्यांस बजाविले (मत्तय 23:26). यास्तव उपदेश संपताच एकांतात गुडघे टेकून आपण आपले अंतःकरण त्याच्यापुढे उघडावे. आज हे पुसणे टाळले, तर उद्या त्याच मुखातून निघणारा सूर मंडळीस फुटका ऐकू येईल. प्रभू आपणां सर्वांस राखो.