मिरची आणि उंदीर

दिवाळीचा फराळ पुढे असताना वेदनेविषयी लिहू नये, एवढे मला कळते. पण चिवड्यात मिरची असतेच, आणि माझा विषय तीच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला नागीण झाली. फोड सुकले, खपल्या पडल्या. पण बरगडीवरची आग काही विझेना. पदराचा स्पर्शही तिला सोसवत नसे. डॉक्टरांनी एक मलम दिले आणि त्यात मिरचीचे सत्त्व असल्याचे सांगितले. आई माझ्याकडे पाहतच राहिली. उन्हाळ्यात तिखट कांडून हात पेटले की तुपाचे बोट फिरवणारी ती! आगीवर मिरची लावायची, ही तिला थट्टाच वाटली. पहिले काही दिवस चरचरले. पुढे हळूहळू ती त्या कुशीवर निजू लागली.

मी शास्त्र शिकलेला माणूस नव्हे. कुतूहलाने वाचत गेलो. मिरचीतल्या तिखट द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. ते मज्जातंतूंच्या टोकांवरच्या ज्या प्रथिनाला जाऊन भिडते, ते १९९७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. सुमारे ४३ अंश सेल्सिअसपुढच्या उष्णतेनेही तेच प्रथिन जागे होते. म्हणजे तिखटाने तोंड भाजले असे आपण म्हणतो, त्यात अलंकार मुळीच नाही. (पक्ष्यांचे हे प्रथिन मिरचीला दाद देत नाही, पोपटाचे कौतुक तेवढ्यापुरते कमी करावे.) मिरचीचा मारा पुनःपुन्हा झाला की ते तंतू हळूहळू मुके होतात. आईला निजवले ते त्यांच्या या मुकेपणाने. ज्युलियस यांना २०२१ मध्ये आर्डेम पटापुटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र या वाटेवर उंदीर आहेत. त्यांच्या मागच्या पायाच्या तळव्यात कॅप्सेसिन टोचतात आणि उंदीर तो पाय किती वेळ चाटतो, ते घड्याळ लावून मोजतात. ज्यांच्यात ते प्रथिनच नाही असे उंदीर तयार करून २००० साली ताडून पाहिले, तेव्हा मिरचीचे पाणी ते निमूट प्याले. साध्या उंदरांनी तोंड फिरवले.

येथे माझे मन अडले. उंदराची वेदना आपल्यासारखी नसेल, तर हा खटाटोप व्यर्थ. आणि असेल, तर त्या घड्याळाकडे पाहत बसणे सोपे कसे? त्यातून वेदनेच्याच प्रयोगात वेदनाशामक देता येत नाही. दिले तर मोजायचे काय? रसेल आणि बर्च या दोघा इंग्रजांनी १९५९ साली सांगून ठेवले, की जमेल तेथे प्राण्याऐवजी दुसरे काही वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांचा त्रास हलका करा. मला हे पटते. आईचे कण्हणे ऐकलेल्या मला प्रयोग बंद करा म्हणण्याचे धैर्य नाही. परंतु प्रयोगानंतर उंदीर मारण्याला तेथे ‘बळी देणे’ अशा अर्थाचा शब्द वापरतात, तो मात्र मला खुपतो. बळी देणारा स्वतःचे काही सोडतो. येथे आपण काय सोडले?

हे सारे मी आईला सांगितले. ती मलमाची नळी मुडपून शेवटचा थेंब काढीत होती.

“त्या उंदराला मग कुणी तूप लावलं का रे?” तिने विचारले.

मी नाही म्हटले. ती काही बोलली नाही. बरगडीला मलम लावून तिने साबणाने दोनदा हात धुतले आणि नवी नळी आणायची आठवण मला केली. संध्याकाळी मी कोठीतला सापळा नेहमीप्रमाणे मांडायला घेतला. खोबऱ्याचा तुकडा हातात होता. तो घेऊन मी बराच वेळ तेथे उकिडवा बसलो होतो.