मंजूर म्हणण्यापूर्वी

सप्टेंबर लागला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात वार्षिक सभांची धांदल उडते. पतसंस्था, दूध संस्था, सोसायट्या आणि सगळ्यांत मोठ्या म्हणजे साखर कारखान्यांच्या सभा. मांडव, कर्णे, अहवालाच्या पुस्तिका. व्यासपीठावरून विषय क्रमांक वाचला जातो आणि तो वाचून संपायच्या आत पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो. अशाच एका सभेत मागच्या खांबाजवळ एक वयस्क सभासद पुस्तिकेचे पान दुमडून उभे राहिले. “अध्यक्षसाहेब, पान एकवीस बघा की. डिस्टिलरीचं कर्ज गेल्या सालापेक्षा वाढलंय. मशिनरी कुणाकडनं घेतली? टेंडरं किती आली?” उत्तर आले, “काका, लेखी द्या. हापिसात या, समदं दाखवतो.” आणि पुढचा विषय मंजूर झाला.

माझ्या मते त्या सभेतला तो सर्वांत मोलाचा प्रश्न होता. आपल्याकडे सभा तापते ती दरावरून, काट्यावरून, उताऱ्यावरून, आणि ते योग्यच आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत बिल मिळायला हवे. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी ठरली आहे. हे आकडे ऊसवाल्याला तोंडपाठ असतात. पण दराचा प्रश्न यंदाच्या खिशाचा, तर प्रकल्पाचा प्रश्न पुढच्या दहा वर्षांच्या दराचा. डिस्टिलरी, सहवीजनिर्मिती, गाळप क्षमतेची वाढ यांसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज शेवटी उसाच्या बिलातूनच जाते. तरीही प्रकल्पाचा विषय दोन मिनिटांत उरकतो.

याच मातीने 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हमरस्त्यावर बसून तंबाखूचा भाव कोण आणि कसा ठरवतो, हे व्यापाऱ्यांना आणि सरकारला विचारले. त्यासाठी पोलिसांच्या गोळ्याही झेलल्या. विचारण्याचे धाडस इथे कमी पडले आहे असे म्हणवत नाही. कमी पडते ते विचारणाऱ्याच्या मागे उभे राहणारे मत. हे समजून घ्यायला मला सहकाराबाहेरची, तेल शोधणाऱ्या एका कंपनीची गोष्ट उपयोगी पडली.

राजस्थानातल्या बारमेरच्या वाळवंटात जानेवारी 2004 मध्ये ‘मंगला’ हा तेलसाठा सापडला. शोधणारी केर्न ही मूळची स्कॉटलंडची कंपनी. दोनच वर्षांपूर्वी तिने या क्षेत्रातला शेलचा हिस्सा विकत घेतला होता. तिथले तेल इतके मेणचट की साध्या तापमानाला घट्ट होते. म्हणून ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत न्यायला सुमारे 670 किलोमीटरची, वाटेत तापवत न्यावी लागणारी नळवाहिनी टाकली. केर्न इंडिया या तिच्या भारतीय कंपनीचे शेअर 2006 च्या डिसेंबरात 160 रुपयांना लोकांना विकले गेले आणि ऑगस्ट 2009 मध्ये पहिले तेल निघाले. शेतात बोअर मारणाऱ्याला ही जोखीम वेगळी समजावून सांगायला नको. कोरडी गेली तर पैसे मातीत, आणि खाली पाणी किती आहे हे वरून दिसत नाही. म्हणून तेल कंपनीच्या भागधारकाने विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. किती विहिरी खोदल्या, किती कोरड्या गेल्या, साठा सिद्ध झालेला किती आणि नुसत्या अंदाजातला किती, जुन्या विहिरींचे उत्पादन कोणत्या वेगाने घटते आहे.

केर्न इंडियात मात्र घोडे पेंड खात होते ते वेगळ्याच ठिकाणी. 2011 च्या अखेरीस कंपनीचा ताबा अनिल अग्रवालांच्या वेदान्त समूहाकडे गेला. अग्रवालांच्या स्टरलाइटची बेळगावशीही एक गाठ आहे. 1998 साली स्टरलाइटने इंडाल कंपनीवर बोली लावली होती, आणि इंडालचा अॅल्युमिनाचा कारखाना बेळगावचाच. इंडालसाठी समोरून बोली लावणाऱ्या कॅनडाच्या अल्कनलाही तेव्हा भागधारकांपुढे आपला भाव वाढवावा लागला. पुढे 2000 साली इंडाल हिंडाल्कोकडे गेली. दोन मालक भांडू लागले की लहान भागधारकाला भाव येतो. एकच मालक असला की तो एकटा पडतो.

केर्नमध्ये मालक एकच होता. विहिरी जोरात चालत होत्या, तिजोरी भरलेली होती आणि समूहावर मात्र कर्जाचा डोंगर होता. जुलै 2014 मध्ये तिमाही निकालांबरोबर कळले की केर्न इंडियाने समूहातल्याच एका परदेशी कंपनीला 125 कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे साडेसात हजार कोटी रुपये, कर्जाऊ देऊ केले आहेत. तेल शोधायला जमवलेला पैसा घरातल्या दुसऱ्या खोलीत का गेला, असा प्रश्न गुंतवणूकदारांनी व्यवस्थापनाला केला आणि शेअर घसरला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा नवा नियम ऑक्टोबर 2014 पासून लागू व्हायचा होता. त्याप्रमाणे अशा मोठ्या व्यवहाराला भागधारकांची मंजुरी लागणार होती आणि ज्याचा संबंध त्याला मत देता येणार नव्हते. कर्जाचा निर्णय त्याआधीच झाला होता.

पुढच्या वर्षी केर्न इंडिया वेदान्तमध्ये विलीन करण्याची योजना आली. केर्नच्या एका शेअरला वेदान्तचा एक शेअर आणि दहा रुपयांचा एक अग्रहक्क शेअर, असा देकार होता. तेलाचे भाव शंभर डॉलरवरून कोसळत होते, आणि मालकाने घाई केली तर नवल नव्हते. पण इथे निर्णय मालकाच्या हातात नव्हता. योजनेला किरकोळ व संस्थात्मक भागधारकांचे, म्हणजे मालक सोडून उरलेल्यांचे, बहुमत लागत होते. त्या उरलेल्यांत मूळच्या केर्न कंपनीकडे आणि आपल्या आयुर्विमा महामंडळाकडे प्रत्येकी साधारण नऊ टक्के हिस्सा होता. ते हलेनात. अखेर जुलै 2016 मध्ये एका अग्रहक्क शेअरचे चार झाले, तेव्हा कुठे सप्टेंबरात मंजुरी मिळाली. चार वेळा प्रश्न विचारून जे झाले नसते ते एका न दिलेल्या मताने झाले.

2020 साली वेदान्तने शेअर बाजारातून बाहेर पडायचे ठरवले तेव्हाही तेच. किमान भाव 87 रुपये 25 पैसे काढला होता. विमा महामंडळाने आपले शेअर 320 रुपयांना मांडले आणि तो बेत फसला. निपाणीतल्या विडी कामगार बाईची दरवर्षी हप्ता भरलेली पॉलिसी असेल, तर त्या 320 च्या मागे तिचाही पैसा उभा होता. तिला ते कुणी सांगितले नाही याचे मला वाईट वाटते.

सहकारात एका सभासदाला एकच मत. शेअर शंभर असोत की एक. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटलांनी 1950 साली प्रवरानगरला कारखाना उभा केला तो याच तत्त्वावर, आणि कंपनी कायद्यापेक्षा हे तत्त्व कितीतरी न्याय्य आहे असे मी आजही मानतो. पण त्यात एक फट राहिली. यंत्रांचे कंत्राट ज्याला मिळाले तो, त्याचे भाऊबंद, त्याच्या गाडीतून सभेला आलेले वीसजण, सगळे त्याच ठरावाला हात वर करू शकतात. कंपनीत ‘संबंध आहे त्याने मत देऊ नये’ हा नियम आला, कारण तिथे लबाडीची सोय मोठी होती. सहकारात सोय लहान असली तरी आहे. प्रकल्प, कर्ज, खरेदी या विषयांवर संचालक आणि त्यांचे नातलग बाजूला बसतील आणि उरलेले सभासद गुप्त मतदान करतील, अशी पोटनियम दुरुस्ती आपल्या संस्थांनी करून घ्यायला हवी.

कंपनीने सहकाराकडून घ्यावे असेही काही आहे. मोठ्या कंपन्यांच्या सभा 2020 पासून पडद्यावर होऊ लागल्या. बोलायचे तर आधी नाव नोंदवावे लागते. ऑनलाइन मतदान सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते, म्हणजे बहुतेक मते प्रश्न विचारले जायच्या आधीच पडलेली असतात. खांबाजवळच्या काकांना निदान मत द्यायच्या आधी विचारता आले. कंपनीचा अहवाल इंग्रजीत, तोही शेकडो पानांचा. बेळगावात आता डिमॅट खाती असलेली पोरे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यातले कितीजण तो उघडतात? निदान संबंधितांशी झालेल्या व्यवहारांची टीप आणि लेखापरीक्षकाचा शेरा एवढी दोन ठिकाणे तरी वाचावीत.

सीमाभागाची आणखी एक अडचण आहे. इथल्या बऱ्याच पतसंस्थांच्या शाखा दोन्ही राज्यांत असल्याने त्या 2002 च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली येतात. त्यांचा निबंधक दिल्लीत. ठेव अडकलेल्या बोरगावच्या सभासदाने दाद मागायची ती एवढ्या लांब. 2023 च्या दुरुस्तीने अशा सभासदांसाठी लोकपालाची तरतूद केली आहे, आणि तक्रार लेखी करता येते. ‘लेखी द्या’ हे उत्तर यापुढे अशा संस्थेच्या सभेत मिळाले तर तो कागद खरोखरच द्यावा. त्याची एक प्रत हापिसाच्या पोचेसह आपल्याकडे ठेवावी आणि दुसरी लोकपालाकडे धाडावी.